गांजाच्या दुकानाचा विमा: परवाना आहे, भरपाईचं काय?

लोकलमध्ये रेंज गेली, इअरफोन घरी राहिले किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे "तर" आणि "म्हणजे" जमतील तितके काढलेत. सगळे निघालेले नाहीत, सांभाळून घ्या.

तर, जून २०१२. अमेरिकेतलं कोलोरॅडो राज्य, गाव कोलोरॅडो स्प्रिंग्ज. गावाच्या पश्चिमेला डोंगर आहेत, आणि २३ जूनला तिथल्या वाल्डो कॅन्यन नावाच्या दरीत वणवा लागला. तीन दिवसांनी वारा फिरला आणि आग डोंगर उतरून थेट वस्तीत घुसली. ३४६ घरं जळाली, दोन माणसं गेली. पुढे बरेच दिवस गावावर धूर आणि राख बसून होती.

याच गावात ग्रीन अर्थ वेलनेस सेंटर नावाचं एक दुकान होतं. औषधी गांजा विकायचा आणि शेजारच्याच इमारतीत तो पिकवायचा, असा धंदा. राज्याच्या कायद्याने पूर्ण रीतसर. आग दुकानापर्यंत आली नाही, पण धूर आला. हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेतून धूर आणि राख आत गेली आणि रोपं खराब झाली, असं मालकांचं म्हणणं. त्यांच्याकडे विमा होता. अटेन स्पेशालिटी नावाच्या कंपनीची पॉलिसी, सुरू होण्याची तारीख २९ जून २०१२, म्हणजे वणवा पेटलेला असतानाच. नोव्हेंबरमध्ये त्यांनी क्लेम टाकला. मातृरोपं आणि त्यांची कलमं यांचे दोन लाख डॉलरच्या वर, आणि तोडून ठेवलेल्या कळ्या-फुलांचे साधारण चाळीस हजार डॉलर.

कंपनीने क्लेम नाकारला. आता तुम्ही म्हणाल, यात नवल काय? क्लेम नाकारणं हा विमा कंपन्यांचा आवडता छंद आहे. खरं आहे. पण इथे नाकारण्याचं एक कारण असं होतं की ते ऐकून माणसाने डोक्याला हात लावावा. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: हा माल देशाच्या कायद्याने बेकायदा आहे, त्याचे पैसे आम्ही कसे देणार? गंमत म्हणजे पॉलिसी विकताना हा धंदा गांजाचा आहे हे कंपनीला पक्कं माहीत होतं. हप्ता घेताना माल चालला, पैसे द्यायची वेळ आली तेव्हा तोच माल निषिद्ध झाला.

ही केस कोर्टात गेली. तिचं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी दोन पावलं मागे जावं लागेल. नाहीतर या भानगडीची मुळं कळणार नाहीत.

पहिलं मूळ. अमेरिकेत गांजावर दोन कायदे एकाच वेळी चालतात. १९७० साली केंद्राने अमली पदार्थांचा मोठा कायदा केला आणि गांजा पहिल्या परिशिष्टात, हेरॉइनच्या शेजारी बसवला. याचा अर्थ, औषधी उपयोग शून्य आणि सगळा व्यवहार गुन्हा. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदान करून औषधी गांजाला परवानगी दिली. २००० मध्ये कोलोरॅडोने तेच केलं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी औषधाचं निमित्तही सोडलं आणि मौजेसाठीचा गांजाही खुला केला. केंद्राचा कायदा मात्र जागचा हलला नाही. २००५ मध्ये गोंझालेस विरुद्ध रेच या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं होतं की राज्याने परवानगी दिली तरी केंद्र घरगुती रोपावरसुद्धा बंदी घालू शकतं. म्हणजे दुकानाच्या भिंतीवर राज्याचा परवाना फ्रेम करून लावलेला, आणि त्याच भिंतीच्या आत केंद्राच्या हिशेबी चोवीस तास गुन्हा चाललेला.

दुसरं मूळ याहून जुनं. १७७५ साली लंडनमध्ये होल्मन विरुद्ध जॉन्सन असा एक खटला चालला. डंकर्क बंदरातल्या एका व्यापाऱ्याने चहा विकला. घेणारा तो इंग्लंडमध्ये चोरून नेणार आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक होतं. घेणाऱ्याने पैसे बुडवले. लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशांनी तिथे एक तत्त्व मांडलं, की ज्याचं गाऱ्हाणंच बेकायदा कृत्यावर उभं आहे त्याला कोर्ट मदत करणार नाही. आणि मग निकाल दिला विकणाऱ्याच्याच बाजूने! कारण त्याचा सौदा फ्रान्सच्या भूमीवर पुरा झाला होता आणि तिथे त्यात काही गैर नव्हतं. तत्त्व एकीकडे, निकाल दुसरीकडे. ही जोडगोळी लक्षात ठेवा, अडीचशे वर्षांनी गांजाच्या खटल्यात पुन्हा भेटेल. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २३ याच घराण्यातलं आहे. कराराचा हेतू बेकायदा असेल तर करार रद्दबातल.

इथे मुंबईबद्दल एक वाक्य बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनमध्ये अफू आणायला बादशहाची बंदी होती, तरी जहाजं जात होती, आणि जहाजं जायची म्हणजे त्यांचा सागरी विमाही काढला जायचा. कॅंटनमध्ये १८०५ साली विमा संस्था काढली ती याच व्यापारातल्या पेढ्यांनी. तेव्हा विमा आणि बंदी यांचं कधी जमलंच नाही, असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. कुणाची बंदी आणि कुणाचं कोर्ट, यावर सगळं अवलंबून असतं. असो. परत अमेरिकेला.

ग्रीन अर्थच्या आधी हवाईमध्ये एक केस झाली होती. धंद्याची नव्हे, घरगुती. एका बाईंच्या अंगणातून औषधी गांजाची १२ झाडं चोरीला गेली. हवाईच्या कायद्याने त्यांना ती लावायची मुभा होती. त्यांच्या घराच्या विम्यात झाडं, झुडपं आणि इतर रोपं यांना संरक्षण होतं. त्यांनी ४५,६०० डॉलरचा दावा केला. युएसएए ही कंपनी तेवढे द्यायला तयार नव्हती. मार्च २०१२ मध्ये फेडरल कोर्टाने जे म्हटलं ते असं: राज्याच्या कायद्याप्रमाणे या झाडांवर बाईंचा विमायोग्य हक्क आहे, मान्य. पण आम्ही केंद्राचं कोर्ट आहोत, आणि केंद्राच्या कायद्याने जे गुन्हा आहे त्याचे पैसे द्या असा हुकूम आम्ही देऊ शकत नाही. बाई हरल्या.

हा निकाल आला आणि राज्याराज्यांतल्या गांजा दुकानदारांच्या पोटात गोळा आला असणार. कारण आता हप्ता भरूनही उपयोग होईल की नाही, याची खात्री उरली नव्हती.

दुकानदारांची अवस्था जरा डोळ्यांसमोर आणा. बँका खातं उघडायला घाबरत, कारण गांजाचा पैसा ठेवणं म्हणजे केंद्राच्या लेखी काळा पैसा फिरवणं. म्हणून धंदा नोटांचा. गल्ला रोख, पगार रोख, कर भरायला नोटांच्या पिशव्या घेऊन सरकारी कचेरीत. चोरांना हे आधी कळतं. जून २०१६ मध्ये डेन्व्हरजवळच्या अरोरा शहरात एका गांजा दुकानाचा पहारेकरी दरोड्यात गोळी लागून मेला. म्हणजे ज्या धंद्याला विम्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याच दारात एजंट यायला तयार नाही. त्यात आणखी मीठ म्हणजे १९८२ चं एक करकलम, २८०ई. अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. भाडं, पगार, आणि हो, विम्याचा हप्तासुद्धा. महागडा हप्ता भरा आणि त्यावर करही भरा.

कंपन्या का येत नव्हत्या? भीती हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं विम्याच्या पोटात आहे. विमा कंपनी स्वतःसुद्धा विमा काढते, त्याला पुनर्विमा म्हणतात. मोठं नुकसान झालं तर पुनर्विमा करणारी कंपनी भार उचलते. त्या कंपन्या बहुतेक जागतिक, त्यांचे वकील लंडन-झुरिकमध्ये बसणारे. त्यांनी "गांजा नको" म्हटलं की खालच्या कंपनीची हिंमत संपली. लंडनचं लॉइड्स ठाऊक असेल तुम्हाला, सतराव्या शतकात कॉफीच्या दुकानात सुरू झालेला तो विम्याचा बाजार. जगात कुणी घेणार नाही अशी जोखीम घेण्याबद्दल त्यांची ख्याती. गांजाच्या धंद्यातही ते सुरुवातीला होते. २०१५ मध्ये लॉइड्सने जाहीर केलं की अमेरिकेत केंद्राचा कायदा बदलत नाही तोवर गांजाच्या नव्या पॉलिसी नाहीत. झालं. बाजाराचा मोठा खांबच निघाला.

मग उरल्या त्या राज्याच्या नेहमीच्या परवाना-यादीबाहेर राहून धंदा करणाऱ्या कंपन्या. असं करणं बेकायदा नाही, अमेरिकेत अवघड जोखमींसाठी ही सोय पूर्वीपासून आहे. पण त्यांचे दर आणि अटी राज्याने तपासलेल्या नसतात, आणि कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी तुमच्या मदतीला येत नाही. ग्रीन अर्थची पॉलिसी याच जातीच्या बाजारातली.

आता तो निकाल. फेब्रुवारी २०१६, न्यायाधीश मार्शा क्रीगर. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्यात मोठमोठी तत्त्वं सोडून शब्दांचा कीस काढलेला आहे.

पॉलिसीत लिहिलं होतं की "उभी पिकं" यांना संरक्षण नाही. ग्रीन अर्थच्या वकिलांचं म्हणणं, अहो, पीक म्हणजे शेतातलं, बाहेर जमिनीत उगवलेलं. आमची रोपं छताखाली, कुंड्यांत. त्याला पीक कोण म्हणतं? न्यायाधीशबाईंना हे पटलं नाही. विकण्यासाठी लावलं, वाढतंय, म्हणजे पीकच. दोन लाखांचा दावा तिथेच गेला. बघा, इथे बेकायदेशीरपणाचा काही संबंधच नव्हता. टोमॅटोची रोपं असती तरी हेच झालं असतं. पॉलिसी दुकानासाठी बनवलेल्या नमुन्यावर छापलेली होती आणि घेणारा होता शेतकरी. हा शेतकरी काय पिकवतो हे कंपनीला ठाऊक होतं, पण नमुना कुणी बदलला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी चूक हीच.

राहिल्या तोडून ठेवलेल्या कळ्या. त्या उभं पीक नव्हेत, दुकानातला माल. तिथे कंपनीने हुकमाचा पत्ता काढला: पॉलिसीत निषिद्ध मालाला संरक्षण नाही, आणि गांजा निषिद्ध आहे. क्रीगर बाईंनी विचारलं, निषिद्ध म्हणजे काय, याची व्याख्या पॉलिसीत कुठे आहे? नव्हती. बरं, केंद्र सरकार तरी एका तोंडाने बोलतंय का? ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायखात्याने कोल मेमो म्हणून ओळखलं जाणारं पत्रक काढलं होतं, ज्याचा मथितार्थ असा की राज्यं नीट देखरेख ठेवत असतील तर आम्ही लहान मुलांना विक्री, टोळ्यांचा पैसा, राज्याबाहेर तस्करी असल्या गोष्टींवर भर देऊ. डिसेंबर २०१४ मध्ये संसदेने खर्चाच्या विधेयकात तरतूद घातली की औषधी गांजाच्या राज्यकायद्यांत अडथळा आणायला न्यायखात्याने पैसे वापरू नयेत. कायद्यात गुन्हा, पत्रकात सूट, अर्थसंकल्पात हात बांधलेले. मग निषिद्ध कशाला म्हणायचं? शब्द संदिग्ध आहे. आणि दोघांनाही माहीत होतं की इथे गांजाचाच विमा होतोय.

हवाईच्या निकालाबद्दल त्यांनी सरळ सांगितलं की मी त्याच्या मागे जाणार नाही, कारण केंद्राचं धोरण आता तितकं स्पष्ट आणि एकसुरी राहिलेलं नाही. कंपनीने डोळे उघडे ठेवून करार केला, तर पाळावा किंवा मोडल्याची भरपाई द्यावी. चाळीस हजारांचा दावा जिवंत राहिला. मॅन्सफिल्डचं तत्त्व कुणी खोडलं नाही, पण माणूस मात्र पूर्ण हात हलवत परतला नाही. जोडगोळी आठवली ना?

रकमेने बघितलं तर हा विजय लंगडाच. तरी विमा एजंटांनी तो निकाल दाखवून पॉलिसी विकायला सुरुवात केली असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. कंपन्यांनीही धडा घेतला, पण त्यांच्या पद्धतीने. गांजासाठी वेगळे नमुने आले: रोपांच्या अवस्थेप्रमाणे दर वेगळा, बी, कलम, फुलावर आलेलं झाड, वाळवलेला माल. आणि अटींची जंत्री. रात्री माल वजनदार तिजोरीत किंवा कुलूपबंद खोलीतच, कॅमेरे चालू, अलार्म जोडलेला. एका रात्री कॅमेरा बंद असेल आणि त्याच रात्री चोर आले तर क्लेम गेला. पॉलिसीची बारीक अक्षरं आपण कुणीच वाचत नाही, मीही माझ्या स्कूटरची वाचलेली नाही. या लोकांना वाचावीच लागतात.

मग आलं २०१७. ऑक्टोबर महिना, उत्तर कॅलिफोर्निया, सोनोमा, नापा, मेंडोसिनो हा भाग. रात्रीत वणवे पेटले. चाळीसहून जास्त माणसं गेली, हजारो घरं गेली. ऑक्टोबर म्हणजे उघड्यावरच्या गांजाच्या कापणीचा हंगाम. पुढच्या जानेवारीच्या १ तारखेपासून राज्यात मौजेच्या गांजाची कायदेशीर विक्री सुरू होणार होती. लोकांनी घरदार गहाण ठेवून, परवान्याच्या तयारीत पैसा ओतून पीक उभं केलेलं, आणि ते जळालं. शेजारचा द्राक्षवाला शेतकरी केंद्राच्या अनुदानित पीकविम्यात बसत होता. गांजावाल्याला ते दार बंद. केंद्राची आपत्ती मदतही बंद, कारण धंदा केंद्राच्या लेखी गुन्हा. एकच डोंगर, एकच आग, कुंपणाच्या अलीकडे भरपाई आणि पलीकडे राख. आपल्याकडे गारपिटीनंतर पंचनाम्याला तलाठी आला नाही म्हणून शेतकरी हवालदिल होतो. इथे पंचनाम्याला कुणी येणारच नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं.

कॅलिफोर्नियाचे विमा आयुक्त तेव्हा डेव्ह जोन्स होते. अमेरिकेत विम्यावर देखरेख राज्यांची असते. १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केंद्राकडे जाईल असा निकाल दिला होता, पण संसदेने पुढच्याच वर्षी मॅक्करन-फर्ग्युसन कायदा करून ती राज्यांकडे राखली. त्या जुन्या कायद्याचा असा उपयोग होईल हे १९४५ मध्ये कुणाच्या स्वप्नात नसेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये जोन्स यांनी गोल्डन बेअर या कंपनीला गांजा व्यवसायांना विमा विकायची मंजुरी दिली. राज्याच्या नियमित परवान्याखालची ही तिथली पहिली कंपनी. पुढच्या वर्षी गांजा व्यवसायासाठीच घडवलेला एक तयार पॉलिसी-नमुनाही तिथे मंजूर झाला, म्हणजे प्रत्येक कंपनीने शून्यापासून कागद लिहायची गरज उरली नाही. हे काम कंटाळवाणं दिसतं, बातमीत येत नाही. पण धंदा उभा राहतो तो अशाच कागदांवर.

मात्र सगळं एका दिशेने गेलं असं समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी कोल मेमो एका पानाच्या आदेशाने रद्द केला. ऑगस्टमध्ये मिशिगनच्या एका घरमालक कंपनीची केस अपील कोर्टात आली. केव्हीजी प्रॉपर्टीज विरुद्ध वेस्टफील्ड. भाडेकरूंनी जागेत गांजा लावला, भिंती पाडल्या, छताचं आणि हवेच्या यंत्रणेचं वाटोळं केलं, नुकसान जवळपास पाच लाख डॉलर. पॉलिसीत कलम होतं की ज्यांच्या हाती मालमत्ता सोपवली त्यांनी गुन्हा करून नुकसान केलं तर भरपाई नाही. घरमालक म्हणाला, मिशिगनमध्ये औषधी गांजा चालतो, मग गुन्हा कसा? पण याच घरमालकाने त्या भाडेकरूंना हुसकावताना कोर्टात काय सांगितलं होतं? की हे लोक बेकायदा गांजा पिकवतायत! आता एका कोर्टात गुन्हा आणि दुसऱ्या कोर्टात कायदेशीर, असं दोन्ही कसं चालेल? हरला. मला त्याची दया येते आणि हसूही येतं.

त्याच २०१८ च्या २० डिसेंबरला नवा शेती कायदा झाला आणि हेम्प मोकळा झाला. हेम्प म्हणजे कोण? तेच झाड, फक्त त्यात नशा आणणारा टीएचसी हा घटक कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून जास्त नको. २०२० च्या हंगामापासून हेम्पला केंद्राचा पीकविमाही मिळू लागला. गांजाच्या धंद्यासाठी बँका आणि विमा कंपन्यांना अभय देणारं सेफ बँकिंग विधेयक मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये कनिष्ठ सभागृहात ३२१ विरुद्ध १०३ मतांनी मंजूर झालं, पुढेही अनेकदा झालं, आणि दर वेळी सिनेटमध्ये अडकलं. मे २०२४ मध्ये न्यायखात्याने गांजा पहिल्या परिशिष्टातून तिसऱ्यात हलवायचा प्रस्ताव मांडला. तिसऱ्यात गेला तर २८०ईचा फास सुटतो, पण राज्याच्या परवान्यावर चालणारं दुकान तेवढ्याने केंद्राच्या कायद्यात बसत नाही.

आणि हेम्पवाल्याची गोष्ट अर्धीच राहिली. त्याचं शेत कापणीच्या आधी तपासलं जातं. गारा पडल्या, पूर आला, तर विमा आहे. पण ऊन जास्त पडलं, कापणी काही दिवस लांबली, आणि नमुन्यात टीएचसी मर्यादेच्या वर चढला, तर ते पीक विकता येत नाही, आणि हे नुकसान विम्यात धरलं जात नाही. झाड उभंच आहे, हिरवंगार, निरोगी.

चला, या भागात इतकंच. पुढच्या भागात भेटू.